अडतीसची रेघ

माणूस जिवंत आहे की नाही हे डॉक्टर सांगतात. माणूस घरात राहतो की नाही हे सांगायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे होतं. ऑफिसात मला ‘आकडेबाई’ म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्याचा मला कधी राग आला नाही. आकडे माझ्याशी सरळ वागतात, माणसांचा काही भरवसा नाही, असं मीच चारचौघांत ऐटीत सांगायचे. आता सांगत नाही.

आमचं खातं शहर नियोजनाचं. शहर वाढत होतं, पण कडेकडेने, फरशीवर सांडलेल्या दुधासारखं. मध्यभाग मात्र आतून पोकळ होत चालला होता. तिथल्या घरांचे भाव आभाळाला टेकलेले आणि घरं बंद. घर घ्यायचं, कुलूप ठोकायचं आणि भाव चढायची वाट बघायची, हा धंदाच झाला होता. खाली दुकानं चालू, वर खिडक्यांच्या काचांवर बोटभर धूळ. पाणी, बस, शाळा, दवाखाने सगळं मध्यभागी तयार, आणि माणसं राहायला जात होती वीस किलोमीटर लांब, जिथे धड नळही पोचला नव्हता. हा शुद्ध वेडेपणा होता. तो थांबवायला एक धोरण आलं. मध्यभाग दाट करायचा. जुन्या तीन-चार मजली इमारती उतरवायच्या, तिथे तीस-तीस मजले उठवायचे आणि माणसं परत आणायची. मला ते धोरण पटलं होतं. कागदावर आजही पटतं.

पण राहत्या माणसांवर जबरदस्ती नको, हेही आम्हीच ठरवलं. इमारत पाडायची तर तिच्यातल्या प्रत्येक राहत्या घराचा होकार हवा. एकाने जरी नाही म्हटलं तरी इमारत जागची हलणार नाही. बंद घरांना मात्र मत नाही. जो राहतच नाही त्याने कशाला अडवायचं? त्याचा होकार धरूनच चालायचं, आणि मोबदल्यात त्याला नवं घरही द्यायचं नाही. अशा घरासाठी साहेबांनी एक भारदस्त शब्द शोधून काढला, ‘निवासशून्य’. आम्ही खालची मंडळी नुसतंच ‘शून्य’ म्हणायचो.

आता राहतं कोणतं आणि शून्य कोणतं, हे ओळखायचं कसं? दारोदार विचारत फिरलं तर कुलूपवाले त्या एका दिवसापुरते सतरंजी टाकून बसतात आणि त्यांचे नातेवाईक शपथेवर खोटं बोलतात. म्हणून मी विजेचं मीटर सुचवलं. मीटरला मेहुणे नसतात. वर्षभराची सरासरी काढायची आणि ती महिन्याला अमुक युनिटांच्या खाली गेली की घर शून्य. नातेवाइकाची साक्ष चालणार नाही, हे कलमही मीच घातलं. राहिला तो ‘अमुक’ आकडा.

साहेबांच्या पहिल्या मसुद्यात पंचेचाळीस होतं. तो मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

"साहेब, पंचेचाळीस जास्त होतात," मी म्हटलं. "एकटा म्हातारा माणूस चाळीस-एकेचाळीसमध्ये आरामात राहतो."

"कोण राहतो?"

"असतात माणसं."

असतात म्हणजे, माझे बाबा होते.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. पस्तीस वर्षं जगाला वर नेलं आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचा स्वभाव काटकसरी की चिक्कू, यावर आईचं आणि त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. खोलीतून बाहेर पडताना मी दिवा मालवला नाही तर विचारायचे, "खोलीला अंधाराची भीती वाटते का ग?" आई गेल्यावर तर त्यांना बोलणारं कुणी उरलं नाही. त्यांची वर्षभराची बिलं मी ऑफिसातूनच काढून बघितली. सरासरी एकेचाळीस. माझ्या बापापेक्षा कमी वीज जाळणारा माणूस या शहरात असू शकत नाही, याची मला जितकी खात्री होती तितकी दुसऱ्या कशाचीच नव्हती. म्हणून मी रेघ मारली अडतीसवर. तीन युनिटं बाबांना श्वास घ्यायला ठेवली. साहेबांना आलेख दाखवला आणि एका माणसाला जगायला किमान किती वीज लागते याचं दोन पानी टिपण लिहिलं. टिपण खोटं नव्हतं, फक्त त्यातला माणूस एकच होता.

एवढी काळजी घ्यायला कारण होतं. बाबांच्या इमारतीत नऊ घरं. त्यातली आठ एका कंपनीने एकेक करत विकत घेतली होती आणि कुलूप लावून ठेवली होती. नववं बाबांचं. कंपनीची एक बाई दर महिन्याला यायची, तिला बाबांनी ‘गोडबोली’ नाव ठेवलं होतं. ती नव्या घराचे फोटो दाखवायची. लांब होतं, पण मोठं होतं, बाविसाव्या मजल्यावर.

"लिफ्ट कुठल्या कंपनीची?" बाबा विचारायचे. ती जे नाव सांगेल त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मग नको."

हे झालं गोडबोलीसाठी. मला त्यांनी खरं कारण एकदाच सांगितलं. म्हणाले, "तुझी आई या घरात होती. तिकडचा पत्ता तिला कोण सांगणार?" आणि लगेच वर्तमानपत्र उचललं. त्यानंतर हा विषय मी काढला नाही. नऊ घरांची ती इमारत त्यांच्या एका ‘नाही’वर उभी होती, आणि ते ‘नाही’ अडतीस युनिटांच्या वर होतं तोवर त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं.

यादी जाहीर होईपर्यंत आकडा फोडायचा नाही, अशी माझ्याकडून सही घेतली होती. मी आकडा फोडला नाही. मी त्याहून वाईट केलं. मी बाबांचं कौतुक केलं.

रविवारची दुपार होती, जेवणं झाली होती. मी सहज म्हणून गेले, "बाबा, कामासाठी अख्ख्या मध्यभागाची बिलं चाळली मी. तुमच्याइतकी कमी वीज वापरणारा एक माणूस नाही सापडला."

"असं?" त्यांनी चष्मा काढला. "किती निघाली माझी?"

"एकेचाळीस."

"आणि दुसरा नंबर?"

"तुमच्या आसपाससुद्धा कुणी नाही."

आमच्या घरात कौतुक करायची रीतच नव्हती. मला पदवी मिळाली तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरं झालं, फी वाया नाही गेली." त्यामुळे त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं बघून मलाही बरं वाटलं. आयुष्यात त्यांना कुणी पहिला नंबर दिला नव्हता. ते पंखा लावायला उठले होते, ते तसेच पुन्हा बसले. हे मला नंतर आठवलं.

नियमातलं वर्ष त्या महिन्यापासूनच मोजलं जाणार होतं.

मी जायचे ती नेहमी रविवारी दुपारी. बाबा दूध दोन वेळा ताजं आणायला लागले होते, मला वाटलं, तेवढंच चालणं होतं. शर्टाच्या घड्या कडक पण जागा चुकलेल्या दिसायच्या, मला वाटलं, म्हातारपणी इस्त्री जमत नाही. एकदा म्हणाले, "वर्ष पुरं होऊ दे, तुला एक गंमत दाखवायची आहे." मी हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्या दिसत नाहीत. जवळ गेलं तरी दिसत नाहीत, हे माझं मला नव्यानेच कळायचं होतं.

वर्ष संपायला अकरा दिवस राहिले असताना कच्ची यादी माझ्या टेबलावर आली. सहा हजार एकशे बारा घरं शून्य. मी खुशीत होते. आता कुलूपवाल्यांची चांगली जिरणार. गंमत म्हणून मी बाबांच्या इमारतीचं पान काढलं. कंपनीची आठ शून्यं बघून मला तेवढंच समाधान मिळणार होतं.

पानावर शून्य एकच होतं. तिसरा मजला, डावीकडचं घर. चाळीस, अडतीस, छत्तीस, चौतीस, बत्तीस आणि मग दर महिन्याला एकेक पायरी उतरत सव्वीस. बाकीची आठ घरं राहती होती. सेहेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस. आठही घरं, अकराही महिने, एकाच उंचीची.

ती आठ घरं बंद होती हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी ऑफिसातून थेट तिकडे गेले. इमारतीसमोर पोचले तेव्हा सातला दोन-तीन मिनिटं कमी होती. सगळ्या खिडक्या काळ्या होत्या. मी रस्ता ओलांडायला थांबले आणि सात वाजले. आठही घरांत एकदम उजेड झाला. एखादी खिडकी आधी, एखादी मागून असं नाही, एका क्षणात सगळ्या. कुठे पडदा हलला नाही, कुणाची सावली भिंतीवरून गेली नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडच्या दोन खिडक्या काळ्या राहिल्या. रस्त्यावरच्या कुणालाही विचारलं असतं, या इमारतीत कुठलं घर रिकामं, तर त्याने तिकडेच बोट दाखवलं असतं.

बाबा जिन्यात होते. दाराबाहेर स्टूल टाकून, जिन्यातल्या दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"अगं, तू? आज रविवार आहे का?"

"इथे का बसलात?"

"जिन्याचा दिवा तसाही जळतोच. फुकट का घालवायचा?"

मी समोरच्या दाराशी गेले. टपाल टाकायची फट होती, ती उचलून डोळा लावला. आतून गरम हवा डोळ्यावर आली. मोकळी फरशी, एक बल्ब, खोलीच्या मधोमध एक छोटा हीटर, आणि भिंतीतल्या प्लगमध्ये एक पांढरी डबी. डबीत काहीतरी टिकटिकत होतं. चटई नाही, खुर्ची नाही, पाण्याचा पेलासुद्धा नाही. कुणी नसलेल्या खोलीत ऊब भरून ठेवली होती.

"सातला लागतात, अकराला विझतात," बाबा मागून म्हणाले. "वर्ष होईल आता. मी घड्याळ लावतो त्यावर."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? मूर्खांची वीज आहे, जाळू देत."

मूर्खांची नव्हती. रोज चार तास, म्हणजे महिन्याचे सेहेचाळीस. पंचेचाळीसच्या रेघेवरून जेमतेम पाय उचलून पलीकडे टाकलेला. आणि पंचेचाळीस हा आकडा या जगात दोनच माणसांनी पाहिला होता. त्यातली एक मी, फटीला डोळा लावून वाकलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. यादीतली ती सहा हजार एकशे बारा घरं कुणाची असतील, ते मला तिथे जिन्यातच कळलं. कुलूपवाल्यांकडे डब्या होत्या. डबी नसलेले उरले ते जिन्यातल्या दिव्याखाली वाचणारे.

"आता आलीच आहेस तर बघ," बाबा म्हणाले. मला आत नेलं, खिडकीशी उभं केलं, बाहेरच्या उजेडात दिसावं म्हणून. हातात बिलांचा गठ्ठा दिला. "वर्षाने दाखवणार होतो. फ्रिज बंद केला. गादीखाली कपड्यांना झकास इस्त्री होते. आंघोळीला गार पाणी, तब्येतीला उलट चांगलं. सव्वीस! आता सांग, आहे का कुणी आसपास?"

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही."

ते इतके खूश झाले की मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी जाऊन मी हिशोब मांडला. वर्षाला चारशे छप्पन्न युनिटं हवीत. अकरा महिन्यांची झाली तीनशे एक्कावन्न. चालू महिन्यात पंधरा. म्हणजे अकरा दिवसांत नव्वद जाळली तर बाबा राहतात, नाहीतर नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन हजार वॉटचा हीटर घेऊन गेले. रोज साडेचार तास चालला की काम होत होतं.

खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघ्यांना शेक हवा. मी गेल्यावरही चालू ठेवायचा."

"कुठल्या डॉक्टरांनी? मी तर कुठे गेलो नाही."

"मी विचारून आले."

मी समोर असेपर्यंत हीटर चालला. खोलीत भट्टी झाली, आम्ही दोघं घाम पुसत बसलो. दुसऱ्या संध्याकाळी मी वर जायच्या आधी खाली मीटर वाचलं. माझी पाठ वळली की यांनी बटण बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी हीटर खोक्यात परत बांधून दाराशी ठेवलेला होता, वर दुकानाची पावती.

"परत देऊन टाक, घेतात ते," बाबा म्हणाले. "आता खरं काय ते सांग, ठमाबाई. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. झालंय ते तुला."

मग मी सांगितलं. नियम सांगितला, यादी सांगितली, डब्या कशासाठी आहेत तेही सांगितलं. आकडा कुणी ठरवला तेवढं गिळलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, उलट त्यांना हसू आलं.

"म्हणजे मी राहतो की नाही हे त्या मीटरला पटवायचं?"

"अजून सात दिवस आहेत बाबा. सगळं लावून ठेवू. हीटर, फ्रिज, दिवे, पंखे. मी सुट्टी घेते."

"रिकाम्या खोलीत शेगडी पेटवणाऱ्यांना मी वर्षभर मूर्ख म्हणतोय. आता त्यांच्याच रांगेत बसू?"

"बसा की! सात दिवस बसा!" माझा आवाज चढला. "तुमचं घर चाललंय, आणि तुम्हाला तत्त्व सुचतंय."

"घर कसं जाईल? सुनावणी असेल ना?"

"असेल."

"मग झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी जाऊन उभा राहतो. माणूस समोर उभा असताना तो नाही, असं कोण म्हणेल?"

त्यांचा माणसांवर विश्वास होता. मी सात दिवस रोज संध्याकाळी गेले, दिवे लावले, पंखा लावला, फ्रिजची पिन खुपसली. मी असेपर्यंत ते काही बोलत नसत. मी गेल्यावर घर पुन्हा त्यांचं होत असे. महिना संपला तेव्हा मीटरवर एकसष्ट झाली होती. चव्वेचाळीस कमी पडली.

सुनावणी आमच्याच ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत झाली. टेबलाच्या त्या टोकाला साहेब, कडेला यादी घेऊन मी. बाबांनी गादीखालचा शर्ट घातला होता. गोडबोली मागच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन. तिने बाबांना उठून नमस्कार केला.

"या काका," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस दिसत नाहीत, हेच त्यांचं वाईट. "बसा. पाणी घ्या."

"मी तिथे राहतो," बाबा उभ्यानेच म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं. हा काय समोर उभा आहे."

"तुम्ही आहात याबद्दल वादच नाही काका. तुम्ही तिथे राहता का, एवढाच प्रश्न आहे. काही कागद आणलाय?"

बाबांनी गठ्ठा सोडला. बारा बिलं टेबलावर ओळीने मांडली, एकाखाली एक, कडा जुळवून. लिफ्ट दुरुस्त करून झाली की हत्यारं अशीच मांडून ठेवायचे. "बघा. कुठेही वाया घालवलेलं नाही."

साहेबांनी बिलं बघितली. हळूच मान हलवली. "आकडेबाई, सरासरी?"

मला वाचावी लागली. "चौतीस पूर्णांक तीन."

"आणि रेघ?"

"अडतीस."

"काका, तुम्ही तुमच्याच हाताने सिद्ध केलंत. एवढ्यात माणूस राहू शकत नाही, असं आमचं टिपण आहे." त्यांनी ते दोन पानी टिपण उचलून दाखवलं. "तुम्ही बहुतेक मुलीकडे असता. अधूनमधून इथे येत असाल, हवापालट म्हणून. चांगलंच आहे की."

"ते तिथेच राहतात साहेब," मी म्हटलं. "मला ठाऊक आहे, मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणूनच नाही चालत. नातेवाइकाची साक्ष. ते कलम तुमचंच आहे." हे ते दुखवायला म्हणाले नाहीत. आठवण करून दिली. "शेजारी कुणी?"

"शेजारी आठ डब्या आहेत," मी म्हटलं. "प्लगला लावलेल्या. सातला लागतात, अकराला विझतात. महिन्याला सेहेचाळीस. अडतीसच्या रेघेला सेहेचाळीस कुणी जाळत नाही साहेब. सेहेचाळीस जाळणाऱ्याला कुणीतरी पंचेचाळीस सांगितलेलं असतं."

गोडबोलीने पर्सची चेन नीट लावली. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला.

"मीटर चालू आहेत ना त्यांची?" ते म्हणाले. "मग राहती. त्यापुढे आपण शिरायचं नाही. आपली पद्धत नाही ती."

बाबा एवढा वेळ सगळं लक्ष देऊन ऐकत होते. आता त्यांनी विचारलं, "हा अडतीस आकडा आणला कुठून? कुणी ठरवला?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना गरजच नव्हती.

"मी," मी म्हटलं.

"कशावरून?"

"तुमच्यावरून. तुमचे एकेचाळीस होते. तुम्ही त्याच्या खाली जाणार नाही असं वाटलं मला."

बाबा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"त्याच्या खाली मी जाणार नाही," ते सावकाश म्हणाले. "मी. तू माझ्या घरात वाढलीस ना ग?"

त्यांनी बिलं गोळा केली, पुन्हा कडा जुळवल्या, आणि खिशात ठेवली. साहेबांनी सही केली. गोडबोलीने जाताना दार बाबांसाठी धरून ठेवलं.

मी रजा टाकली आणि बाबांकडे राहायला गेले. माझ्या डोक्यात होतं, आता दोन माणसं आहोत, कुणीतरी ऐकेल. अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही, कारण उत्तर पत्त्यावर पाठवतात आणि शून्य घराला पत्ता राहत नाही. टपाल यायचं थांबलं. चौथ्या दिवशी नळाचं पाणी बारीक झालं, सहाव्या दिवशी गेलं. मी खालून बादल्या आणायचे. संध्याकाळी सातला समोरच्या दाराच्या फटीतून उजेड यायचा, आणि बाबा आता जिन्यात बसायला जात नव्हते. आमच्यात बोलणं होत होतं, चहा घे, दार लोट, एवढं. त्या आकड्याबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "गणित बरोबर होतं तुझं," आणि भांडी पुसायला लागले.

दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही चहा घेत होतो. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, मी ओट्याशी. बेल वाजली नाही. कुणी कडी वाजवली नाही. कुलपात काहीतरी घुसवून फिरवल्याचा आवाज आला, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि दार उघडलं. रिकाम्या घराची बेल वाजवायची पद्धत नसते. तीन माणसं आत आली. एकाच्या हातात पक्कड होती, दुसऱ्याकडे सील करायची पट्टी. पुढे होता तो त्यांचा मुकादम, हातात कागद घेतलेला, वयाने माझ्याएवढा.

बाबांना बघून तो दारातच थबकला. त्याने कागद बघितला, दारावरचा नंबर बघितला, पुन्हा कागद. कागदाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, तयार करणाऱ्याची सही असते. ती माझी होती.

त्याने चप्पल दाराबाहेर काढली. चांगल्या घरातला असावा. जवळ येऊन, म्हाताऱ्या माणसाला घाबरवू नये म्हणून थोडं वाकून, त्याने अदबीने विचारलं, "काका, इथे तर कुणी राहत नाही. तुम्ही कुणाकडे आलात?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. माझ्या घरच्या पत्त्याशिवाय मला दुसरं काही सुचेना, आणि मी तो सांगितला.